शनिवारी घेतलेला देश

दुबळ्या देशांवर राज्य करणं हे बलवान देशांचं कर्तव्य आहे आणि कर्तव्याचे निर्णय भरल्या पोटी घ्यावेत, यावर अमेरिकेतल्या प्लेनो गावच्या गुरुनाथ सबनिसांचा गाढ विश्वास होता. म्हणून त्यांच्याकडच्या शनिवारच्या चर्चा जेवणानंतर होत. (बटाटेवडे असले तर आधी. वडे गार होतात, आंतरराष्ट्रीय परिस्थिती होत नाही.)

त्या शनिवारी यादवीने दुभंगलेला एक देश चर्चेला होता. उत्तरेकडचे दक्षिणेकडच्यांची गावं जाळत होते, दक्षिणेकडचे उत्तरेकडच्यांची. अमेरिकेने आत शिरावं का? गुरुनाथकाकांचा तर्क बिनतोड होता. ज्याच्याकडे विमानं आहेत तो देश जिंकू शकतो. जो जिंकू शकतो त्याला तो चालवताही येतो. आणि चालवता येत असून न चालवणं ही शुद्ध हेळसांड. मतदान झालं. दहाजणांत नऊ बाजूने. दहावा, मूळचा नागपूरचा यतीन, कोपऱ्यात फोनवर बोलत होता. त्यालाही बाजूनेच धरलं.

तेवढ्यात काकांची मुलगी इला आली. इला शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती आणि सैन्याच्या राखीव दलात कॅप्टन. (काका हे सगळ्यांना अभिमानाने सांगत. 'राखीव'चा अर्थ ते 'जपून ठेवलेली' असा घेत.)

"बाबा, माझ्या ऑर्डर्स आल्या," ती म्हणाली. "वी आर गोइंग इन."

"कुठे?"

"आत्ता तुम्ही सगळ्यांनी पाठवलंत तिथेच."

तिच्या वाट्याला एक शहर येणार होतं. मधून नदी, पंप उत्तरेच्या काठावर, टाक्या दक्षिणेच्या. दुरुस्तीला जाणाऱ्यावर दोन्ही काठांवरून गोळ्या सुटत. एवढ्या एका बाबतीत दोन्ही बाजू निःपक्षपाती होत्या.

"काका, प्राउड मोमेंट आहे यार!" यतीन म्हणाला.

काका खुर्चीतून उठले. "तुला नाही म्हणता येत नाही का?"

"नो, बाबा."

"अगं, पण तुला तिथली भाषा येत नाही. माणसं माहीत नाहीत. तू काय शहर चालवणार?"

"आपलं इथलं महाराष्ट्र मंडळ फुटलं तेव्हा प्रेसिडेंट तुम्हीच होता ना? तिथे तर सगळ्यांना मराठी येत होतं."

चर्चा तातडीने पुन्हा उघडण्यात आली. ठरावाला दुरुस्ती एकमताने मंजूर झाली: सामर्थ्य असेल तर आक्रमण योग्यच, मात्र पुढच्या कारभारासाठी माणसं इतर घरांतून घ्यावीत. (ही दुरुस्ती वॉशिंग्टनला वेळेत पोचली नाही.)

शोभनाकाकूंनी श्रीखंडाचं पातेलं टेबलावर आदळलं. "सगळ्यांनी मिळून पाठवलंत ना माझ्या मुलीला? मग आता तोंड गोड करा."

कुणी वाटीला हात लावला नाही.

देश भराभर जिंकला गेला. चालवायला घेतला, तो मात्र चालेना. काका ऑफिसच्या मीटिंगमध्येही फोनवर त्या शहराचं हवामान बघत. बाकी बातम्या बघवत नसत. निदान ऊन पडलंय एवढं तरी कळे.

इलाने पंप सुरू केला. पाणी दोन्ही काठांना पोचलं. त्याच आठवड्यात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र रस्त्यावर उतरले. मागणी एकच: परक्यांनी चालतं व्हावं. राष्ट्रीय एकात्मतेचं उद्दिष्ट अशा रीतीने पूर्ण झालं, असं सरकारी अहवालात लिहिता आलं असतं. पण त्याच दिवशी कुणीतरी पंप उडवला. त्यात इलाचा दुभाषी गेला आणि तिच्या उजव्या कानाचं ऐकणं गेलं.

ती परत आली तेव्हा काका तिच्या डाव्या बाजूला बसले.

"पाणी तरी दिलंस गं त्यांना."

"थोडे दिवस," इला म्हणाली. "युसुफने दिलं, बाबा. लोकांशी तोच बोलायचा. मी फक्त युनिफॉर्म घालून उभी होते."

 काकांनी शनिवारच्या चर्चा बंद केल्या.

म्हणजे त्यांच्या घरच्या. मंडळी आता यतीनकडे जमतात. नवा देश घेतलाय, तोही दुभंगलेला आहे. आधीच्या देशाचं नाव काय होतं, हे तेव्हा त्या दहाजणांपैकी कुणी विचारलं नव्हतं. इथपर्यंत वाचताना तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा अवश्य या. काकांची खुर्ची रिकामी आहे, आणि मतदानाला एक हात कमी पडतोय.