हलक्या हाताचं काम

सकाळी दहा वाजता भिंगकाकांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तेव्हा काकूंच्या पेपरला सहा तास होते आणि काकांच्या अंदाजानं काम होतं वीस मिनिटांचं.

भिंगकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद करून दोन वर्षं झाली तरी उजव्या डोळ्याला लावायचं भिंग कपाळावरून उतरलं नव्हतं. ते वर्तमानपत्र भिंगातून वाचत, औषधाच्या गोळ्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचत आणि एखादा माणूस फारच बोलायला लागला तर त्याच्याकडेही भिंगातून बघत, म्हणजे तो आपोआप गप्प होई.

पेपर काकूंच्या पदवीचा होता. इतिहासाचा, शेवटचा. लग्न ठरलं तेव्हा काकू शेवटच्या वर्षाला होत्या. "पुढच्या वर्षी दे की परीक्षा, मी आहे ना," असं काका तेव्हा अगदी मनापासून म्हणाले होते. ते पुढचं वर्ष उजाडायला चौतीस वर्षं लागली. मधल्या काळात काकूंनी पोस्टात तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले, एक मुलगा वाढवला आणि त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. न काढल्यामुळे ते वाक्य त्यांच्या मनात घड्याळासारखं टिकटिकत राहिलं होतं.

परीक्षा घरबसल्या, कॉम्प्युटरवर. त्यातही याच कॉम्प्युटरवर, कारण आठवड्यापूर्वी विद्यापीठानं त्याचीच नोंद करून घेतली होती. मात्र सराव परीक्षेत तो तीनदा अडकला. तिसऱ्यांदा अडकला तेव्हा काकू हळू आवाजात म्हणाल्या, "जाऊ दे, नशिबातच नसेल." तो हळू आवाज काकांना फार लागला. मुलाला फोन गेला. मुलगा परगावी नोकरीला. तो म्हणाला, "बाबा, मेमरी कमी पडतेय. मी एक पट्टी पाठवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसवून घ्या."

शेवटचं वाक्य काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाळीस वर्षांत आपल्याकडे आलेलं एकही घड्याळ त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात पाठवलं नव्हतं. पट्टी आदल्या संध्याकाळी आली आणि आज सकाळी काकांनी चंग बांधला.

जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं गेलं. त्यावर चिमटे, नाजूक ब्रश आणि स्क्रू ठेवायला बाटल्यांची अठरा झाकणं.

"अहो, नुसती एक पट्टी बसवायचीय ना?" काकूंनी वहीतून डोकं वर काढून विचारलं.

"झाकण उघडलं की आतलं सगळं काढून, पुसून, मगच परत लावायचं. ही माझी पद्धत आहे."

"पण चालू आहे तो..."

"चालू घड्याळंच माझ्याकडे यायची. चांगली चालावीत म्हणून यायची," काका म्हणाले. हे खरं नव्हतं, पण ऐकायला बरं होतं.

आत धूळ अशी साचली होती की पंखा कुठला आणि धूळ कुठली ते कळेना. काकांनी एकेक पातं ब्रशनं साफ केलं. मग आतली जुनी पट्टी काढून पुसली, तिची सोनेरी कड खोडरबरानं चमकवली, आणि जुनी व नवी अशा दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी आपापल्या खाचांत ठेवल्या. अगदी अलगद. बोटाच्या टोकानं वरून जरासं टेकवलं. खाचेच्या दोन टोकांना दोन खिट्ट्या होत्या, त्या थोड्या बाहेर कललेल्या दिसल्या. ते वाकडेपण काकांना बघवेना. त्यांनी चिमट्यानं त्या सरळ उभ्या केल्या, झाकण लावलं आणि साडेअकरा वाजता बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. आतून आवाज आला, "टूँऽऽ. टूँऽऽ. टूँऽऽ."

"हे काय बोलतंय?" काकूंनी विचारलं.

"सुरू होतंय."

दहा मिनिटं ते सुरूच होत होतं. मग काकांनी मुलाला फोन लावला. मुलगा मीटिंगमध्ये होता, त्यामुळे कुजबुजत होता. तो कुजबुजतोय म्हणून काकाही कुजबुजायला लागले.

"बाबा, आवाज कसा येतोय? लांब की छोटा?"

"दीड सेकंद आवाज, मग अर्धा सेकंद शांतता. दर खेपेला एवढंच. फार नेमका आहे."

"म्हणजे मेमरी लागत नाहीये. पट्टी नीट दाबली का?"

"दाबली."

"जोरात?"

"व्यवस्थित दाबली."

"खिट्ट्या लागल्या?"

"लागल्या. सरळ उभ्या आहेत," काका म्हणाले आणि यात तसूभरही खोटं नव्हतं.

"मग एक काढून एकच ठेवून बघा. आणि बाबा, प्लीज, दुकानात..."

काकांनी फोन ठेवला. बिचाऱ्या मुलाची चूक एवढीच की त्यानं माणूस न बघता प्रश्न विचारला. दाबणं म्हणजे काय, याचं प्रत्येकाचं माप वेगळं असतं. काकांचं माप हातातल्या घड्याळाच्या काट्याएवढं होतं. उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं की ज्या कामाला जोर लागतो ते काम चुकतंय असं समज. तेव्हापासून काकांनी कशालाच जोर लावला नव्हता. बरणीची झाकणंसुद्धा घरात काकूच उघडत.

त्यांनी नवी पट्टी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. आत जुनी तेवढी राहू दिली. बटण दाबलं. "टूँऽऽ." जुनी काढून दुसऱ्या खाचेत ठेवली. "टूँऽऽ." मग पुन्हा पहिल्या खाचेत. आवाजात काडीचा फरक नाही.

एक वाजता दोघं उभ्यानंच जेवले, कारण टेबलावर कॉम्प्युटर पसरला होता. जेवताना काकू वहीतल्या सनावळ्या पुटपुटत होत्या आणि काका टेबलाकडे टक लावून बघत होते. घास हातातच राहिला, कारण त्यांना मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक गोल, चपटा, ओळखीचा चेहरा दिसला होता.

"अगं, सेल! यात सेल आहे! घड्याळात असतो तसाच!"

परक्या गावात शाळेतला मित्र भेटावा तसा त्यांना आनंद झाला. नक्की सेलच गेलेला असणार. घरात तसले चाळीस सेल होते. त्यांनी नवा सेल टाकला, हात जोडले आणि बटण दाबलं.

"टूँऽऽ."

अडीच वाजले. काकूंनी वही मिटली. "अहो, दुकानात नेता का?"

"नेईन ना. पण आधी दोष कळू दे."

"दोष कळून काय करू मी? मला पेपर द्यायचाय!"

काकांनी वर पाहिलं. काकूंचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. आपण आणखी एका 'पुढच्या वर्षी'ची तयारी करतोय, हे काकांना लख्ख दिसलं. दुसरा कोणी असता तर त्यानं हाय खाल्ली असती. काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं. "साडेतीनपर्यंत दे मला. नाही झालं तर कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन दुकानात धावत जातो. कोपऱ्यावर तर आहे."

आता त्यांनी दोष आवाजातून शोधायचं ठरवलं. घड्याळाचं दुखणं कानाला कळतं, मग याचं का कळू नये? मशीन सुरूच ठेवून ते कान लावून बसले. दीड सेकंद, अर्धा सेकंद. वीस मिनिटं सलग. घरात त्याची सवय झाली, पण इमारतीला नव्हती. खालच्या वहिनींना वाटलं की कुठेतरी आगीची सूचना वाजतेय. त्या रखवालदाराकडे धावल्या. रखवालदार जिन्यात उभा राहिला, त्यानंही ऐकलं, आणि पुस्तकातल्या नियमाप्रमाणे त्यानं पहिलं काम केलं. सबंध इमारतीचा मुख्य स्विच खाली ओढला.

तीन वाजून पाच मिनिटांनी टूँऽऽ थांबलं.

काका मशीनवर वाकले. आवाज होता तोवर आजारी होतं, आता गेलंच! त्यांनी बटण दाबलं, वायर हलवली, पंखा बोटानं फिरवला, पाठीमागच्या विजेच्या पेटीला कान लावला. चिडीचूप. घाम पुसत त्यांनी कुजबुजत मुलाला फोन केला, "आता तर बोलतही नाहीये."

"लाइट आहे का?"

"लाइट कसा असेल? काळाच आहे पडदा."

"घरातला लाइट, बाबा!"

काकांनी वर पाहिलं. छताचा पंखा थांबलेला होता. घाम का येतोय तेही आत्ता कळलं.

काकू तोवर दाराबाहेर गेल्या होत्या. जिन्यात रखवालदार वाळूची बादली घेऊन वर येत होता आणि त्याच्यामागे खालच्या वहिनी.

"काकू, आग कुठेय?" रखवालदारानं विचारलं.

"आग माझ्या मस्तकात आहे! कोणी बंद केली वीज?"

"नियम आहे काकू. आधी वीज बंद, मग पाहणी, मग अध्यक्षांची सही, मग..."

पुढे काय झालं ते टेबलाशी बसलेल्या काकांना नुसतं ऐकू आलं. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईला नियम शिकवायला जाणं हे धाडसाचं काम होतं. पोस्टात नियम तोंडपाठ लागतात आणि माणसं रांगेत लागतात. बारा मिनिटांत पाहणी झाली, सही झाली, बादली खाली गेली आणि पंखा गरगरायला लागला. त्याबरोबर टेबलावरून पुन्हा "टूँऽऽ" आलं. काकांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी बटण बंद केलं.

काकू आत आल्या. चेहरा लाल, श्वास फुललेला. घड्याळात तीन पंचवीस. काका उभे राहिले, कॉम्प्युटरला दोन्ही हात घातले आणि म्हणाले, "चल. दुकानात जातो. माझ्याच्यानं नाही झालं."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. काकू थबकल्या.

"थांबा. तो काय म्हणाला होता?"

"कोण?"

"आपला मुलगा. दाबा म्हणाला होता ना?"

"दाबलीय गं. हे बघ." काकांनी बोटाचं टोक पट्टीवर टेकवलं. फुलपाखरू फुलावर याहून जास्त भार टाकत असेल.

काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरका."

"अगं, तुटेल! त्याला जोर..."

काकूंनी उजवा अंगठा पट्टीवर ठेवला, खांदा मागे घेतला आणि तीस वर्षं रोज हजार पाकिटांवर उतरत होता तो हात खाली आणला.

ठाप्!

टेबल हादरलं. अठराच्या अठरा झाकणं एक बोटभर उडाली. आणि त्या गोंधळात काकांच्या तयार कानांना दोन बारीक आवाज ऐकू आले. खट्, खट्. दोन्ही खिट्ट्या आपोआप आत येऊन बसल्या होत्या.

"बटण दाबा," काकू म्हणाल्या. "की तेही मीच दाबू?"

एकदाच छोटं, समाधानी "टिक्" आलं आणि पडदा उजळला.

पुढची पंचवीस मिनिटं कशी गेली ते दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं. कॉम्प्युटर खोलीत गेला, वायरी लागल्या, कॅमेऱ्यापुढे काकूंनी ओळखपत्र धरलं. तीन पंचावन्नला त्यांनी काकांना बाहेर काढलं. खोलीत परीक्षार्थीखेरीज दुसरा माणूस दिसला तर पेपर रद्द, असा नियम होता. दार बंद झालं.

काका बाहेर खुर्चीत टेकले. सवयीनं चष्मा काढायला शर्टाच्या खिशात हात घातला, आणि हाताला काहीतरी टोचलं.

नवी पट्टी!

ती आत नव्हतीच. आत होती ती जुनीच, सराव परीक्षेत तीनदा अडकलेली. दार ठोठावावं तर पेपर रद्द. न ठोठावावं तर कुठल्याही क्षणी मशीन अडकणार. दोन तास काका दाराला कान लावून उभे राहिले. बटणांचा टपटप आवाज येत होता. मधेच थांबला की काकांचा श्वास थांबायचा, सुरू झाला की सुरू व्हायचा. एकदा तर तब्बल तीन मिनिटं थांबला. चौतीस वर्षांचं ते एक वाक्य काकांनी त्या तीन मिनिटांत मनातल्या मनात शंभरदा परत घेतलं.

सहा वाजता दार उघडलं. काकूंचा चेहरा असा दिसत होता, जसा काकांनी पूर्वी कधीतरी पाहिला होता आणि मग विसरून गेले होते.

"पाचही प्रश्न लिहिले," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा अडकला नाही हो. मधे एक सन आठवेना म्हणून मीच थांबले होते तेवढी. काय वेग आलाय त्याला!"

सगळं सांगून टाकावं असं काकांना फार वाटलं. पण तो चेहरा बघून जीभ वळेना. "मेमरीचा फरक असतो," ते कसेबसे म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बसले.

काकू पाणी प्यायल्या. मग त्यांनी टेबलावरचं एकेक झाकण गोळा करायला घेतलं. एका झाकणात काकांनी पंख्यातून काढलेली धूळ जपून ठेवली होती, कापसाच्या बोळ्याएवढी. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली.

"केवढी ही! गुदमरत होता बिचारा, म्हणून अडकायचा. तुमच्या हातांशिवाय कोणाला निघाली असती?"

काकांनी चमकून वर पाहिलं. काकू धूळ टाकायला आत निघाल्या होत्या. दारात थांबून, मागे न बघता त्या म्हणाल्या,

"आणि तो शर्ट धुवायला टाकायचाय. खिशातली पट्टी काढून ठेवा. उद्या बसवू निवांत. तुम्ही पुसून द्या, दाबायला मी आहे ना."