चावी खिशात, गाडी चालू

मोटारसायकल घ्यायला जाताना बायकोला बरोबर न्यायचं नाही, असं नूरीनं ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

खरं म्हणजे गाडी तिच्याच धंद्यासाठी होती. जलीला घरी मलसूका करायची. रमजान तोंडावर आला की समोसे वळायला त्या कागदासारख्या पातळ पोळ्या ट्यूनिशियातल्या अख्ख्या स्फाक्स शहराला एकदमच हव्या असतात. दुकानदारांचे निरोपावर निरोप येत होते आणि सगळीकडे माल पोचवता पोचवता नूरीच्या जुन्या सायकलीचा जीव निघाला होता.

"मीही येते," जलीला म्हणाली.

"यंत्राबिंत्राचं काम आहे ते. तू येऊन काय करणार?"

(नूरी नगरपालिकेत जन्मदाखल्यांवर शिक्के मारायचा. पंखा बंद पडला की खिडकी उघडायची, एवढंच त्याचं यंत्रज्ञान.)

संध्याकाळी लालभडक मोटारसायकलवरून स्वारी गल्लीत शिरली. नूरीनं गाडी दाराशी ऐटीत तिरकी लावली, स्टँडवर घेतली, चावी फिरवून काढली आणि खिशात टाकली. दोन पावलं गेल्यावर त्याला वाटलं, मागून कुणाची तरी गाडी येतेय. वळून पाहिलं तर त्याचीच. स्टँडवर उभी राहून फटफटत होती.

नूरीनं खिसा चाचपला. चावी खिशात होती.

जलीला पिठाच्या हातांनी बाहेर आली. "छान आहे. आता बंद कर."

"केली."

"मग ही काय करतेय?"

"बंद आहे ती!" असं म्हणून नूरीनं चावी वर धरून दाखवली. मागे गाडी फटफटतच होती.

गल्ली गोळा झाली. गाडीला क्लच नव्हता, म्हणून गिअरात घालून गचका द्यायची युक्ती कामाला येईना. समोरचे सालहूमकाका कानावर हात ठेवून ओरडले, "पेट्रोल संपलं की थांबेल!"

"टाकी भरून आणलीय!" नूरीनं रडवेल्या आवाजात सांगितलं. (आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखादी टाकी काठोकाठ भरली होती.)

शेवटी जलीला आत जाऊन एक बटाटा घेऊन आली आणि तिनं तो सायलेन्सरच्या तोंडात कोंबला. गाडी थरथरली, गुदमरली आणि धाडकन बटाटा तोफगोळ्यासारखा उडून काकांच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसला. दुसरा बटाटा जलीलानं लाटण्यानं ठोकून बसवला. तेव्हा कुठे एक मोठी ढेकर देऊन गाडी थंड पडली.

सकाळी चाकूनं बटाटा उकरून काढून नूरी शोरूमवर धडकला. मालक लमजद टेबलामागे बसून कॉफी पीत होता.

"या, सी नूरी, या साहेब! गाडी सुरू होत नाही का?"

"होते."

"मग?"

"बंद होत नाही."

लमजदनं कप खाली ठेवला. "अहो, लोक माझ्याकडे रडत येतात, गाडी सुरू होत नाही म्हणून. तुमची थांबायला तयार नाही, आणि तुम्ही तक्रार करता?"

मेकॅनिक शेदलीनं गाडी दारासमोर सरळ उभी केली, सुरू केली आणि चावी फिरवली. गाडी गपकन बंद झाली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. सासरी आलेल्या नव्या नवरीसारखी ती सगळं मुकाट्यानं ऐकत होती.

"काल असं नव्हतं हो..." नूरी म्हणाला.

"नवीन गाडी आहे. हात बसायला वेळ लागतो," लमजद त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाला. "यंत्राला माणूस घाबरलेला कळतो."

इतर गिऱ्हाइकं खुदखुदली. नूरी खाली मान घालून घरी आला, दाराशी गाडी लावली, चावी काढली. फट फट फट फट.

सालहूमकाकांनी आपणहून एक बटाटा आणून दिला.

तेवढ्यात ग्रेमदा रस्त्यावरच्या मोठ्या दुकानदाराचा फोन आला. उद्या माल आला नाही, तर तो दुसरीकडून घेणार होता. जलीलानं फोन ठेवला, हात धुतले आणि डोक्याचा रुमाल घट्ट बांधला.

"तू बोलू नकोस," ती नूरीला म्हणाली. "फक्त चालव."

या वेळी गाडी शोरूमच्या दारात थांबली नाही. जलीलाच्या सांगण्यावरून नूरीनं ती फरशीवरून थेट आत नेली, टेबल आणि खांबाच्या मधे तिरकी घुसवली. जलीलानं चावी फिरवली, काढली, मुठीत धरली आणि लमजदसमोरच्या खुर्चीवर बसली. गाडी फटफटत राहिली. कपातली कॉफी हिंदकळू लागली.

"अहो बाई, बंद करा ती!"

"केलीय. ही बघा चावी."

लमजदचे डोळेच विस्फारले. "शेदली! अरे शेदली!"

शेदली धावत आला. ह्याचं त्याला ऐकू येईना, त्याचं ह्याला ऐकू येईना. शोरूममध्ये धूर भरला. एक जोडपं निळ्या मोटारसायकलचा सौदा पक्का करत होतं, ते खोकत बाहेर पडलं. इतक्यात शेदलीनं सायलेन्सरमध्ये बोट घालून काहीतरी पांढरं काढलं आणि मालकाच्या नाकासमोर धरलं.

लमजदचा चेहरा उजळला. "बटाटा! ह्यांनी गाडीत बटाटा घातलाय! संपली वॉरंटी! भाजीपाल्याला वॉरंटी नाही!"

नूरी दाराकडे सरकला. जलीला मात्र जागची हलली नाही.

"तुमच्या चावीनं गाडी बंद होत नाही," ती घसा ताणून म्हणाली, "आमच्या बटाट्यानं होते. मग गाडीबरोबर चावी कशाला दिलीत? बटाटाच द्यायचा होता!"

दारात जमलेली माणसं पोट धरून हसली. लमजदनं चिडून गाडी बाहेर ढकलायला हँडल सरळ केलं, आणि त्याच क्षणी गाडी बंद पडली. शेदलीनं जलीलाकडून चावी घेऊन गाडी पुन्हा सुरू केली, हँडल डावीकडे वळवलं, चावी फिरवली. फट फट फट. सरळ केलं. बंद.

"हँडलखालची वायर तुटलीय," तो हळूच म्हणाला. "डावीकडे वळवलं की सुटते."

"बघा! किरकोळ आहे!" लमजद घाम पुसत म्हणाला. "वायरिंग ट्यूनिसहून मागवतो. रमजान संपेपर्यंत येईल. तोवर फक्त गाडी थांबवताना डावीकडे वळवू नका."

"आमचं घर डावीकडे आहे," जलीला म्हणाली, तिनं हँडल डावीकडे वळवलं आणि गाडीला पुन्हा किक मारली.

लमजदनं गाडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाहेर एक गिऱ्हाईक आत यावं की नाही याचा विचार करत उभं होतं. "शेदली," तो कण्हत म्हणाला, "मागची पिवळी गाडी काढ. लल्ला जलीलांना दे."

मघाच्या 'बाईं'ची अशी 'लल्ला जलीला', म्हणजे जलीला बाईसाहेब, झाली. त्या दुपारी पिवळ्या गाडीनं सगळ्या दुकानांत माल पोचवला आणि संध्याकाळी दाराशी ती सांगितल्याबरोबर गप्प झाली. नूरीनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं, की आपण लमजदला कसा घामाघूम केला, टेबलावर मूठ कशी आपटली. (काकांना त्यानं हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी टेबल तुटलं होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी गाडी सुरूच होईना. नूरीनं किक मारली, शर्ट काढून मारली, दोन्ही पायांनी मारली. जलीला तव्यापाशी होती. तिला हाक मारायची आता गरज नव्हती, मालकाला वठणीवर आणायची कला नूरीला अवगत झाली होती. भर उन्हात ती गाडी ढकलत तो शोरूमवर पोचला आणि शर्ट पिळत ओरडला, "लमजद! पुन्हा फसवलंस! ही दुसरीसुद्धा नासकी!"

लमजद ताडकन उभा राहिला. भेदरलेल्या नजरेनं त्यानं नूरीच्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, मान लांब करून खांबामागेही पाहिलं.

"लल्ला जलीला कुठेत?"

"घरी. मी एकटाच आलोय. आणि एकटाच पुरेसा आहे!"

लमजद सावकाश खाली बसला. मग उठला, गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला, गाडी हलवून कान लावला. टाकीत थेंबही नव्हता. आदल्या दिवशी शोरूमनं घातलेलं घोटभर पेट्रोल दुकानं फिरण्यात संपलं होतं.

नूरीनंही टाकीत डोकावून पाहिलं.

लमजदनं टाकीचं झाकण लावलं. त्यानं टेबलावरचा फोन उचलला.

"लल्ला जलीला? नमस्कार. नाही नाही, गाडी उत्तम आहे... हो, इथेच उभे आहेत. पेट्रोल नव्हतं... हो, ढकलत आणली." मग तो बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला. शेवटी नूरीला नखशिखांत न्याहाळत अदबीनं म्हणाला, "मला समजतंय, लल्ला. पण हे तुम्ही आमच्याकडून घेतलेले नाहीत. हे बदलून नाही देता येणार."