टेपरेकॉर्डर बघायला

शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही ओगलेकाकांकडे टेपरेकॉर्डर बघायला जात असू.

वाक्यात चूक नाही. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या इमारतीत काका पहिल्या मजल्यावर राहत. बैठकीच्या खोलीत मधोमध एक बुटकं टेबल, त्यावर काळा टेपरेकॉर्डर आणि त्याच्याकडे तोंड करून अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या. टीव्हीही होता, पण शनिवारी त्यावर टॉवेल टाकलेला असे. आलेल्या माणसाने खुर्चीत बसायचं आणि टेपरेकॉर्डरकडे बघायचं. कुणाची नजर खिडकीकडे गेली की काका म्हणत, "तिकडे काय आहे? पोस्ट इथे आहे."

पोस्ट म्हणजे सत्तरच्या दशकातली एक इंग्रजी विनोदी मालिका. खेड्यातलं पोस्ट ऑफिस, तिथला चिडका पोस्टमास्तर आणि त्याची धांदरट बहीण. काका मालिकेचं नाव घेत नसत, 'आपलं पोस्ट' म्हणत. तरुणपणी ते उत्तर इंग्लंडमध्ये एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. तेव्हा ती मालिका दर आठवड्याला टीव्हीवर लागे आणि काका टीव्हीसमोर माइक ठेवून तिचा आवाज भरून घेत. अशा सहा कॅसेट झाल्या. दोन हजार साल उलटल्यावर आम्ही या इमारतीत राहायला आलो, तोपर्यंत त्यांपैकी पाच निकामी झाल्या होत्या. उरलेल्या एका कॅसेटवर एकच भाग होता, पार्सलचा. दर शनिवारी तोच लागत असे.

आवाज कॅसेटचा, चित्र काकांचं. "आता पार्सल काउंटरवर. आता बहीण कान लावते. टिकटिक ऐकते. आता तिची टोपी पडणार." प्रत्येक विनोदाच्या दोन सेकंद आधी ते उजवा हात वर करत आणि म्हणत, "येतंय, येतंय." मग हसत. विनोद त्यानंतर होई.

त्यामुळे त्या खोलीत हसण्याचा एक क्रम होता. आधी काका. मग कॅसेटमधले प्रेक्षक. मग त्याच कॅसेटमधली एक बाई, जी दर वेळी बाकीच्यांपेक्षा उशिरा हसे. तिच्या हसण्याची सुरुवात उचकीसारखी होती. आणि सगळ्यांत शेवटी आम्ही, काकांच्या चेहऱ्याकडे बघून.

काका निवृत्त होते. इंग्लंडनंतर तीस वर्षं त्यांनी लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात काढली होती आणि प्रयोगशाळेची सवय स्वयंपाकघरात आणली होती. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि उघडल्याची तारीख. एका बरणीवर लिहिलं होतं, 'मीठ, खाण्याचं.' दुसरं कुठलं मीठ घरात आहे का, असं मी एकदा विचारलं. "नाही," ते म्हणाले, "पण वाचणाऱ्याला कसं कळणार?"

माणसांनाही ते पत्त्यानेच ओळखत. मी दुसऱ्या मजल्यावर राहत होते, म्हणून माझं नाव 'दुसरा मजला'. त्यांची मुलगी म्युनिकला नोकरी करत होती, ती 'म्युनिक'. वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा मंदार दर शनिवारी गाडी काढून यायचा, तो 'वाल्डॉर्फ'. दार उघडून काका आत वळून सांगत, "वाल्डॉर्फ आलं. आता म्युनिकचा फोन येऊन गेला की सुरू करू." नवख्या माणसाला स्टेशनात आल्यासारखं वाटे.

कॅसेटची बाजू बदलायची वेळ झाली की उपमा. आधी नाही, नंतर नाही. मालतीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आम्ही येण्यापूर्वीच वारल्या होत्या. उपमा करायची पद्धत त्यांची होती, असं काका एकदाच म्हणाले. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल कधी बोलले नाहीत.

काकांच्या एका वाढदिवसाला मुलीने त्या मालिकेचा डीव्हीडीचा संच आणला. ती जर्मनीतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. "पापा, येट्स्ट मिट बिल्ड," ती म्हणाली. आता चित्रासकट. काकांनी टीव्हीवरचा टॉवेल काढला, पार्सलचा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला, डीव्हीडी परत खोक्यात ठेवली आणि खोक्यावर चिठ्ठी लावली, 'पाहिलं', खाली तारीख.

"काय काका, मजा नाही आली?" मंदारने विचारलं.

"चित्र चांगलं आहे. एक माणूस कमी हसतंय."

मंदारने माझ्याकडे पाहिलं, मी उपम्याकडे. पुढच्या शनिवारी टीव्हीवर टॉवेल आणि टेबलावर टेपरेकॉर्डर.

कॅसेट मात्र थकली होती. आधी आवाज खरखरायला लागला, मग पोस्टमास्तर मधूनच बायकी आवाजात बोलू लागला. एकदा टेप यंत्रात गुंतली. काकांनी ती चिमट्याने सोडवली आणि त्या दिवशी पुन्हा लावली नाही. मग एक शनिवार सोडून एक असं सुरू झालं. रिकाम्या शनिवारी आम्ही नुसता उपमा खात असू आणि काका टेपरेकॉर्डरवर हात ठेवून बसत.

"ही गेली की संपलं," ते म्हणाले.

"काका, माझ्याकडे द्या," मंदार म्हणाला. "कॉम्प्युटरवर घेतो, सीडी करून देतो. शंभर वर्षं हलणार नाही."

"काही बिघडणार नाही ना?"

"उलट सुधारेल."

काकांनी दोन दिवस विचार केला. मग कॅसेट आधी रुमालात, मग बिस्किटांच्या डब्यात घालून मंदारच्या हातात दिली. डब्यावर चिठ्ठी होती, 'कॅसेट. एकच.'

मंदार कामाला चोख. जर्मनीत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती आणि इथली शिस्त त्याने अंगी बाणवली होती. सुरुवातीला एकदा त्याने कचरा चुकीच्या डब्यात टाकला, तेव्हा हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी, ती पिशवी त्याच्या दाराशी परत आणून ठेवली होती. त्यानंतर तो दह्याच्या डब्याचं झाकणसुद्धा वेगळं करून टाकत असे.

तीन आठवड्यांनी तो सीडी घेऊन आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेपरेकॉर्डरच्या जागी माझ्याकडून आणलेला सीडी प्लेअर ठेवला होता. आम्ही खुर्च्यांत बसलो.

आवाज स्वच्छ होता. खरखर नाही, पोस्टमास्तर पुरुषासारखा बोलत होता. "आता बहीण कान लावते," काका म्हणाले. हात वर गेला. "येतंय, येतंय." काका हसले. प्रेक्षक हसले. मग काहीच झालं नाही. पोस्टमास्तर पुढचं वाक्य बोलायला लागला.

काकांचा हात वरच राहिला होता. पुढच्या विनोदाला तेच. त्याच्या पुढच्याला काका हसले नाहीत.

"बंद कर जरा," ते म्हणाले. "वाल्डॉर्फ, ती कुठे गेली?"

"कोण, काका?"

"उशिरा हसणारी."

"ती होय?" मंदार खूश झाला. "तिच्यावरच दोन रविवार गेले. तो डिस्टर्बन्स होता. मध्येमध्ये कुणीतरी पुटपुटत पण होतं. जिथे जिथे तसं होतं, तेवढा तुकडा कापला आणि डीव्हीडीवरचा स्वच्छ आवाज तिथे बसवला. जोड कुठे आहे, कळणार नाही तुम्हाला."

"कॅसेट दे."

"ती शेवटी तुटली, काका. सगळं घेऊन झाल्यावरच तुटली, काळजी नको. रेस्टम्यूलमध्ये टाकली." रेस्टम्यूल म्हणजे उरलेल्या कचऱ्याचा डबा. मग त्याने चोखपणे भर घातली, "आतला कागद मात्र कागदांच्या डब्यात."

"गेनाऊ," काका म्हणाले. बरोबर, या अर्थाचा हा जर्मन शब्द ते दिवसातून वीस वेळा वापरत. त्या दिवशी त्यात काहीच अर्थ नव्हता. ते उठले, खुर्ची सरळ केली आणि पुन्हा बसले.

"ती मालती होती," ते म्हणाले.

मंदारचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काका, मी डिलीट नाही केलं. कामावर सवय आहे, आम्ही काहीच डिलीट करत नाही. कापलेले तुकडे एका फोल्डरमध्ये टाकलेत. असतील."

"असतील की आहेत?"

"मागच्या आठवड्यात लॅपटॉप साफ केला मी. तो फोल्डर राहिला असेल. बहुतेक." तो जाकीट शोधत होता. "घेऊन येतो."

वाल्डॉर्फला जाऊन यायला तासाभराहून जास्त लागतो. काकांनी उपमा वाढला. बाजू बदलायची नसतानाही वाढला, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तो दोघांच्याही समोर गार झाला. त्या वेळात त्यांनी जे सांगितलं ते असं.

लग्न होऊन काकू साताऱ्याहून थेट इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. काका कारखान्यात, काकू दिवसभर घरात एकट्या. संध्याकाळी भाड्याने आणलेल्या टीव्हीवर ती मालिका लागे. लोक हसत आणि काकू विचारत, "अहो, काय झालं?" काका समजावून देईपर्यंत पुढचा विनोद होऊन जाई. एकदा काकू म्हणाल्या, "सगळे हसून झाल्यावर मी एकटीच हसते. बरं दिसत नाही." तिथे दिसायला दोघांशिवाय कुणी नव्हतं. तरी काकांनी ते मनावर घेतलं. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. भाग भरून घ्यायचा, आठवडाभर काकूंनी तो ऐकायचा, म्हणजे इंग्रजी येईल. आणि भाग चालू असताना, विनोद येतोय असं वाटलं की काकांनी आधीच कानात सांगायचं.

"कुठे विनोद येणार, ते मला साधारण कळायचं," काका म्हणाले. "पण इंग्रजी जलद आणि आपलं मराठी लांब. शेवटपर्यंत तिला वेळेवर हसवता आलं नाही. थोडक्यात चुकायचं."

"मग इंग्रजी आलं का त्यांना?"

"आलं ना. माझ्यापेक्षा चांगलं. पण 'पोस्ट' लागलं की गप्प बसायची. मी सांगेपर्यंत हसायची नाही."

बेल वाजली. मंदार धापा टाकत होता. लॅपटॉप त्याने छातीशी धरला होता. टेबलावर ठेवून त्याने तो उघडला. फोल्डर होता. त्याचं नाव होतं 'म्यूल', म्हणजे कचरा.

"सॉरी काका," तो म्हणाला. "कामाच्या सवयीने दिलं."

"लाव."

तुकडे एकामागून एक आले. त्यांत पोस्टमास्तर अर्धामुर्धा ऐकू येत होता. मंदारने आवाज मोठा केला आणि कॅसेटवर जी नुसती पुटपुट वाटायची, तिचे शब्द झाले. एक तरुण माणूस घाईघाईने कुजबुजत होता. "येतंय, येतंय. ते पार्सल बॉम्ब नाहीये, घड्याळ आहे. यालाच पाठवलंय. पत्ताच वाचला नाही गाढवाने." प्रेक्षक हसले. अर्ध्या क्षणाची शांतता. मग ती उचकी आणि पाठोपाठ काकूंचं हसणं. मग तरुण माणूस, "जमलं गं थोडं." आणि काकू, "तुम्ही पुढे बघा."

काकांनी हात वर केला नव्हता. येतंय म्हणाले नव्हते. ते लॅपटॉपकडे बघत होते. प्रेक्षक हसून झाले, काकू हसून झाल्या, मंदारसुद्धा ओशाळून हसला. काका सगळ्यांत शेवटी हसले.

तुकडे संपल्यावर मंदार म्हणाला, "काका, आधी याच्या दोन कॉप्या करतो. आणि फोल्डरला काकूंचं नाव देतो."

"नको. कचराच राहू दे," काका म्हणाले. "तीस वर्षं ती तेच म्हणत होती. या कॅसेट कचऱ्यात टाका म्हणून."

मग त्यांनी आपली खुर्ची लॅपटॉपकडे वळवली. आम्हीही वळवल्या.

"दुसरा मजला," ते मला म्हणाले, "तेवढा उपमा गरम कर. वाल्डॉर्फ, पहिल्यापासून लाव."