बारा ओटीपी

परीक्षा अकराला बंद होणार होती आणि साडेदहा वाजता बाराही बाया लॅपटॉपकडे बघत नुसत्या बसून होत्या. प्रत्येकीचा लॅपटॉप ओटीपी मागत होता. डिजिटल कौशल्यं शिकवणाऱ्या संस्थेची तेजश्री शिक्रापूरजवळच्या त्या गावात एकेकीच्या मोबाइलमध्ये डोकावून थकली. एकाही फोनवर मेसेज नव्हता. ही बॅच पास झाली नाही तर तिची नोकरी गेली, असं हेड ऑफिसनं आधीच बजावलं होतं.

"काकू, फॉर्मवर नंबर कुणाचा दिलाय?" तिनं विठाबाईंना विचारलं.

"लेकाचा. कागदावर घरातल्या गड्याचाच नंबर देत्यात न्हवं?"

"आणि हा हातातला?"

"ह्यो माझा हाय. बोलायचा."

बाराही जणींनी हेच केलं होतं. तीन महिने घसा कोरडा करून हे फळ! तेजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात बाराही गडी रांजणगावला एकाच कंपनीत, पहिल्या पाळीला. तिथं फोन गेटवर जमा करावे लागतात. म्हणजे बारा ओटीपी वॉचमनच्या पेटीत पडले होते.

विठाबाईंनी गेटवरच्या लँडलाइनचा नंबर मिळवला. तेजश्रीनं फोन लावला.

"दादा, मी कॉम्प्युटर क्लासची तेजश्री. पेटीतल्या बारा फोनवर ओटीपी आलेत, तेवढे वाचून दाखवा."

"मॅडम? मी सुदर्शन. तुमच्या मागच्या बॅचचा."

तेजश्रीचा जीव भांड्यात पडला. "देवासारखा भेटलास. सांग पटापट."

"न्हाई सांगता यायचं. तुम्हीच शिकवलंय, सख्ख्या आईनं मागितला तरी द्यायचा न्हाई."

"अरे, पण मीच मागतेय ना!"

"आवाज मॅडमचाच वाटतोय, पर हल्ली आवाज बी नकली काढत्यात. ह्ये बी तुम्हीच शिकवलंय."

"सुदर्शन, माझी नोकरी जाईल."

"घाई करायची, रडगाणं गायचं, हीच चोराची खूण." त्यानं फोन ठेवून दिला.

अकरा वाजले. समोर बसलेल्या बाराही बायांच्या नावापुढं 'गैरहजर' उमटलं.

"आम्ही काय मेलोय व्हय?" विठाबाई कडाडल्या.

तेवढ्यात तेजश्रीचा फोन वाजला. "तेजश्री मॅडम का? पोलीस ठाण्यातून बोलतोय. जरा जपून राहा. तुमच्या नावानं कुणीतरी बाई ओटीपी मागतीय. कंपनीच्या वॉचमननं आत्ताच तक्रार दिली, तुमचा नंबर बी त्यानंच दिला. लई हुशार पोरगं. म्हणतंय, सगळं तुमच्याच क्लासात शिकलो."

तेजश्रीच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिनं गिळली.

"साहेब," ती म्हणाली, "हे एवढं लेखी द्याल का? हेड ऑफिसला पाठवायचंय."