नीलांबरीवहिनींचा टोगा

कापडाच्या बाबतीत माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर, सांगा बरं? शिकवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, की नेसणारीवर? अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मोरेश्वरशेठना विचाराल तर उत्तर एकच: विकणाऱ्यावर. (साड्यांचं दुकान त्यांचंच.)

शेठच्या लेकीच्या, म्हणजे रुचाच्या शाळेत लॅटिन क्लबचं जेवण होतं. पालकांनी रोमन वेशात यायचं. शेठच्या बायकोला, नीलांबरीवहिनींना तर स्टेजवरून चार शब्द बोलायचे होते. आठवडाभर भांडी लावता लावता त्यांचं भाषण पाठ करणं चालू होतं.

"मी आपली इरकल नेसते. त्यांचंही न शिवलेलंच कापड ना?" वहिनी म्हणाल्या.

"इरकल? रोमला?" शेठ तापले. "अगं, रोमन म्हणजे टोगा, अंगाभोवती गुंडाळलेलं पांढरंशुभ्र कापड! शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"बाबा, वन मिनिट, टीचरला टेक्स्ट करते," रुचा म्हणाली.

झालं, भडका उडाला! "टीचरला? गिऱ्हाईक दारातून आत आलं की किती वार लागेल ते सांगणारा माणूस मी. मला कापड शिकवणार ती?"

शेठनी दुकानातल्या पांढऱ्या ताग्यातून कापड फाडलं (तो तागा खपत नव्हता, हा योगायोग), वहिनींच्या पायघोळ कुर्त्यावर गुंडाळलं आणि पिना काही लावू दिल्या नाहीत. "रोमन लोक पिना लावत नसत!" स्वतः मात्र जांभळ्या काठाचा रेशमी शेला खांद्यावर टाकून सम्राट झाले.

शाळेच्या दारात लॅटिनच्या बाईंचा हसरा चेहरा गोरामोरा झाला. "टोगा पुरुषांचा हो. घरंदाज बायका लांब झगा घालून वरून शाल घेत. टोगा नेसायच्या त्या..."

"त्या कोण?" वहिनींचा आवाज चढला.

"बदनाम बायका," रुचानं सांगून टाकलं. "बाबा, म्हणूनच टीचरला टेक्स्ट करत होते!"

"अहो, या वेशात मला स्टेजवर चढवणार होतात?"

"अगं, इथं कुणाला कळतंय..."

"लॅटिन क्लब आहे हा! सगळ्यांना कळतंय! सोडा तो शेला."

"मग मी काय..."

"सोडा म्हणते ना!"

वहिनींनी टोगा फेडून नवऱ्याच्या अंगावर भिरकावला आणि शेला डोक्यावरून घेतला. "हे अगदी बरोबर!" बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. रागाच्या भरात भाषण असं खणखणीत झालं, की सभागृह उभं राहिलं. वेशभूषेचं पहिलं बक्षीसही वहिनींनाच.

आणि शेठ? घसरणारा टोगा डाव्या हातानं आवळून उजव्या हातानं जेवत होते. हळूच म्हणाले, "पर्समध्ये पिन आहे का गं?"

"रोमन लोक पिना लावत नसत," वहिनी म्हणाल्या.

हल्ली शेठ हीच गोष्ट गिऱ्हाइकांना चहा पाजून सांगतात. त्यांच्या गोष्टीत टोगा बाईंनी सुचवलेला असतो आणि बक्षीस शेल्याला मिळालेलं. चहा जरूर घ्या, मंडळी. पण तुमचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडा: बक्षीस वहिनींच्या नावे, चूक शेठच्या नावे. आणि शेठनी ते पांढरं कापड विकायला दाखवलंच, तर ते कोरं म्हणून लिहू नका, एकदा नेसून झालंय.