गुरुनाथला काढून टाकणे

इथे आयर्लंडमध्ये, आमच्या सँडीफोर्डच्या ऑफिसातल्या अमेरिकन साहेबानं फँटसी बेसबॉलची लीग काढली. भाग घेणं अगदी ऐच्छिक आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं, तेव्हा मी मुकाट्यानं नाव दिलं. (अप्रेझल ऑगस्टमध्ये असतं.)

हा खेळ कागदावरचा. टीम आपण निवडायची, खेळाडू तिकडे अमेरिकेत खरेखुरे खेळतात आणि त्यांच्या खेळाचे गुण इथे आपल्याला मिळतात. आपलं काम एकच, कोणाला खेळवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं ते ठरवणं. मला सगळ्यात छळलं ते आउटफिल्डच्या तिघांनी, म्हणजे मैदानात पार मागे उभे राहून उंच चेंडू झेलणाऱ्यांनी. त्यांची नावं काही केल्या माझ्या लक्षात राहीनात. म्हणून मी त्यांना घरची नावं दिली. मधे सैरावैरा पळून पदरात काहीच न पाडणारा तो बाळू, माझा धाकटा भाऊ. उजवीकडे कामाच्या दिवशी हमखास आजारी पडणारा संग्राम, माझा मेहुणा. आणि डावीकडे, एके काळी दरारा असलेला, आता जागचा न हलणारा गुरुनाथ. गुरुनाथराव हे माझे सासरे.

दर सोमवारी सकाळी चहाला उकळी फुटेपर्यंत मी यादी करायचो आणि किचनमधल्या प्रेसच्या (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) दारावर चिकटवायचो. इथपर्यंत सगळं ग्रँड (इथल्या बोलीत ठीकठाक) होतं.

जुलैत शाळेला सुट्टी लागली. माझ्या बायकोला, पद्मजाला, हॉस्पिटलची ड्यूटी, मला ऑफिस. म्हणून आमच्या सात वर्षांच्या लेकीला, स्वरांगीला सांभाळायला सासरे दोन महिन्यांसाठी नागपूरहून आमच्या ओंगारच्या घरी आले. शनिवारी आले आणि सोमवारी संध्याकाळी मी घरात पाऊल टाकतो तर त्यांची बॅग भरून दाराशी उभी! शेजारी ते, अंगात कोट. पद्मजाच्या हातात माझी यादी होती.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी वाचलं. "गुरुनाथ. वय झालं. गुडघे गेले. नुसता उभा राहतो, फुकट जागा अडवतो. शुक्रवारपर्यंत काढून टाकणे. बदली कोणीही तरुण चालेल."

"शुक्रवारपर्यंत कशाले?" सासरे म्हणाले. "मी आजच निघून राहिलो. तिकीट तेवढं पाहून द्या, जावईबापू."

हे गेले तर दोन महिने स्वरांगीला पाहणार कोण?

"बाबा, तो अमेरिकन खेळाडू आहे!"

"अन् त्याचं नाव गुरुनाथ?"

"मी ठेवलं. त्याला पाहून मला तुमची आठवण येते."

"काऊन?"

(या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. मी अजून शोधतोय.)

स्वरांगी मदतीला धावली. "यू'र ग्रँड, आजोबा. यू'र ओन्ली ऑन द बेंच. संग्राममामा'ज वे वर्स!"

"माझा भाऊसुद्धा?" पद्मजा म्हणाली.

सासऱ्यांनी पुरावा मागितला. मी लॅपटॉप पुढे केला. नागपुरात तीस वर्षं दर रविवारी क्लबच्या क्रिकेट मॅचचं स्कोअरबुक लिहिलेला माणूस तो. चष्मा लावून, कोटासकट, ते आकड्यांत शिरले. अर्ध्या तासानं कोट उतरला.

"याले काऊन काढून राहिले तुम्ही? हा चेंडू कुंपणाबाहेर मारते अन् आरामात चालत फिरून येते. याले धावाची गरजच काय? काढाचं तर त्या बाळूले काढा."

बॅग पुन्हा वर गेली, पण एका अटीवर. टीम यापुढे ते पाहणार.

शेवटून दुसरी असलेली आमची टीम ऑगस्टपर्यंत वरून दुसरी झाली. टीम कोण चालवतं ते मी ऑफिसात सांगून बसलो होतो; तिथले आयरिश लोक मला गाठून "युअर मॅन गुरुनाथ काय म्हणतो?" असं विचारू लागले. अप्रेझलमध्ये साहेबानं अर्धा तास माझ्या सासऱ्यांचं कौतुक केलं आणि वेळ संपली.

परवा प्रेसच्या दारावर सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात नवी यादी दिसली. आमच्या घराची. पद्मजा, सगळीकडे. स्वरांगी, टेबल लावणे. विक्रांत, म्हणजे मी, बाकावर.

"अहो बाबा, भांडी मी घासतो!" मी म्हणालो.

"महिन्यात चार ग्लास सुटले हातून," ते म्हणाले. (नोंद होती.)

"बाबा, याला बदलून दुसरा नाही का मिळत?" पद्मजानं विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "तीन ठिकाणी फोन लावून पाहिला. कोणी घ्याले तयार नाही."

त्यातला एक फोन पुण्याला होता, माझ्या आईला.