न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

दुकान चाललं नाही तर मामा पुढच्या महिन्यात त्याला कायमचं कुलूप लावणार होते, म्हणून भाचीने जाहिरातीचं काम हाती घेतलं. मामा रफूवाले. कपड्याला पडलेलं भोक ते त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतले धागे काढून असं भरत, की नंतर ते त्यांनाही चाचपूनच शोधावं लागे.

पंचाईत तिथेच झाली. भाचीने रफू केलेल्या कोटाचा सुरेख फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, तर लोक कोटाची किंमत विचारू लागले. मग तिने सुईचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि तो देशोदेशीच्या हजारोंनी पाहिला. मामा थक्क झाले. समुद्रापलीकडचं कुणी आपल्या अंगठ्याकडे एवढा वेळ बघत बसतं, हे त्यांना खरंच वाटेना. पण त्यातलं कुणी फाटकी पँट घेऊन समुद्र ओलांडणार नव्हतं.

शेवटी भाचीने गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच कोटाचे दोन फोटो टाकले. एक रफूनंतरचा, एक इस्त्रीने जळालेला.

मामांची सुई थांबली. "अगं, तो हेडमास्तरांचा कोट. त्यांच्या बायकोने, बाईंनी, गुपचूप आणला होता. मास्तरांना जळाल्याचं माहीतच नाही."

भाचीने घाईघाईने ग्रुपवरून दोन्ही फोटो डिलीट केले, पण तोवर गल्लीभर बोभाटा झाला होता.

थोड्याच वेळात हेडमास्तर कोट घालून दारात उभे. आता काही खरं नाही, असं मामांना वाटलं. मास्तरांनी कोट काढून उजेडात धरला, उलटा केला, चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. भोक सापडेना.

"कमाल आहे," ते अगदी हळू म्हणाले. "मी हा रोज घालतोय."

मग रस्त्यावर नजर टाकून त्यांनी पिशवीतून बाईंची शाल काढली. तिला एक गोल, जळकं भोक होतं.

"सिगारेट सोडलीय, असं घरी सांगितलंय. कोटाचं मी काही बोलणार नाही. फक्त हिचा फोटो नको."

त्या दिवशी गल्लीतली निम्मी घरं येऊन गेली, एकेकटी, पिशव्या छातीशी धरून. मामा बघतच राहिले. भाचीने सगळीकडची खाती बंद केली आणि दारावर पाटी लावली, 'इथे फोटो काढले जात नाहीत.'

सगळ्यात शेवटी बाई आल्या. या वेळी इस्त्रीने मास्तरांची पँट जळाली होती. मामांनी हळूच शाल गल्ल्याखाली सरकवली आणि पँट हातात घेतली.